जाळीची भिंत

लॅमिंग्टन रोड म्हटले की महाराष्ट्रातील मंडळींच्या डोळ्यांसमोर मुंबईचा, विजेच्या उपकरणांच्या सुट्या भागांनी गजबजलेला रस्ता उभा राहतो. त्याचे आजचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. आमच्या हुबळीतही एक लॅमिंग्टन रोड आहे. गावाचे नाव सरकारी कागदांत २०१४ पासून हुब्बळ्ळी झाले, परंतु या रस्त्याने आपले जुने नाव टाकले नाही. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते आणि हुबळी-धारवाड १९५६ पर्यंत मुंबईच्याच कारभारात होते; तेव्हा एकाच साहेबाचे नाव दोन्ही गावांच्या वाट्याला आले यात नवल नाही. ऑस्ट्रेलियात खोबऱ्याच्या किसात घोळलेल्या एका केकलाही हेच नाव आहे, असे सांगितले की आमच्या वर्गातील मुले इतिहासाच्या तासाला जरा सावरून बसतात.

या रस्त्याने आमचे गेली कित्येक वर्षे जाणे-येणे आहे. दुकानांच्या पाट्या, वाहनांचे भोंगे आणि उन्हाळ्यात उडणारी धूळ यांतून वाट काढणाऱ्याची नजर सहसा वर जात नाही. पण मान थोडी वर केली, तर पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या इमारतींच्या जिन्यांना, गच्चीच्या कठड्यांना आणि व्हरांड्यांना सिमेंटची जाळी बसविलेली अजूनही दिसते. कोठे चौकोनात वर्तुळ, कोठे पान, कोठे नुसत्याच तिरप्या पट्ट्या. बऱ्याच ठिकाणी तिच्यावर जाहिरातीचा फलक चढला आहे, नाही तर प्लॅस्टिकचा पत्रा ठोकला आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील वाचकांनी आपल्या जुन्या घराचा जिना आठवून पाहावा. त्यांनाही ही जाळी भेटेल.

आमच्या शाळेच्या वर्गांची व्हरांड्याकडील भिंत अशाच ठोकळ्यांची आहे. एकेक ठोकळा नऊ इंच चौरस आणि चार इंच जाड. त्याच्या दोन कडांना खाच आणि उरलेल्या दोन कडांना त्या खाचेत नेमकी बसणारी जीभ. खाचेत जीभ बसवून सांध्यात थोडा माल भरला की ठोकळे एकमेकांना धरून राहतात. प्रत्येक ठोकळ्याच्या कोपऱ्यात फुलाचा केवळ चतुर्थांश भाग असतो. चार ठोकळे शेजारी आले की मध्ये पुरे फूल उमलते. आमचे गणिताचे शिक्षक सममिती शिकवावयाची असली म्हणजे खडू खाली ठेवतात आणि मुलांना सरळ या भिंतीसमोर उभे करतात. छताचा भार मात्र या भिंतीवर टाकावयाचा नसतो. तो खांब-तुळयांनी पेलावयाचा आणि जाळीने फक्त मधली जागा भरावयाची.

ही कल्पना सिमेंटच्या आधीची आणि आमच्याच मुलखातली आहे. सहलीला मुलांना पट्टदकलला नेले की विरूपाक्ष मंदिराच्या भिंतींतील दगडी जाळ्या आम्ही आवर्जून दाखवतो. चालुक्यांची राणी लोकमहादेवी हिने आठव्या शतकात हे मंदिर उभारविले. अखंड शिळेत कोरलेल्या त्या जाळ्यांतून आत येणारा उजेड डोळ्यांवर येत नाही. विजापूरच्या इब्राहिम रोझ्यात तर खिडक्यांच्या दगडात अरबी अक्षरेच आरपार कोरली आहेत; अक्षरांच्या मधल्या जागेतून उजेड आत येतो. भाषेच्या विद्यार्थ्याला असे ठिकाण सोडवत नाही. आपल्याकडे खिडकीला ‘गवाक्ष’ म्हणजे गाईबैलाचा डोळा म्हटले आणि ‘वातायन’ म्हणजे वाऱ्याची वाटही म्हटले. इंग्रजी ‘विंडो’ या शब्दाच्या मुळाशीही जुन्या नॉर्स भाषेतला ‘वाऱ्याचा डोळा’च आहे. काचा पुढे आल्या. खिडकीचे मूळ काम वारा आत घेण्याचे.

दगड कोरावयाला कारागीर आणि काळ दोन्ही भरपूर लागत. सिमेंट आले आणि तेच काम साच्यात होऊ लागले. केंद्रीय बांधकाम खात्याच्या दरपत्रकात या जाळीचे प्रमाण ठरलेले आहे: एक भाग सिमेंट, दोन भाग जाड वाळू, चार भाग बारीक खडी आणि आत दीड मिलिमीटरहून किंचित जाड अशी लोखंडी तार. साच्याला आतून तेल लावावयाचे, माल ठासून भरावयाचा, दुसऱ्या दिवशी हलक्या हाताने साचा सोडवावयाचा आणि ठोकळा पाण्यात ठेवावयाचा. एवढेच शास्त्र, पण यात घाई चालत नाही.

या ठोकळ्यांचा जगातला प्रवास मोठा मनोरंजक आहे. ब्राझील देशात रेसिफे नावाचे उष्ण आणि दमट हवेचे बंदर आहे. तेथे १९२९ साली कोइम्ब्रा, बोएकमान आणि गोइस या तिघांनी सिमेंटच्या भोकांचा ठोकळा काढला आणि तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरे जोडून त्याला ‘कोबोगो’ हे नाव दिले. तो शब्द आज त्या देशात सर्वतोमुखी आहे. त्याच्याही आधी, १९२३ च्या सुमारास, अमेरिकेतील वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांनी कॅलिफोर्नियात नक्षीच्या काँक्रीट ठोकळ्यांची घरे बांधली. त्यांपैकी काहींत ठोकळ्यांच्या कडांना खोबणी ठेवून तींतून लोखंडी सळ्या ओवल्या होत्या. विणकराने उभे-आडवे धागे घालावेत तशा. पुढे दिल्लीतील अमेरिकन वकिलातीची इमारत एडवर्ड स्टोन यांनी रचिली आणि ती १९५९ साली सुरू झाली. तिच्या चारही बाजूंना जाळीचाच पडदा आहे, आणि तो त्यांनी मोगल इमारतींवरून घेतला होता. त्यानंतर अमेरिकेत अशा भिंतींची लाटच आली. आमची जाळी अशी परदेशी जाऊन, नवे कपडे लेवून माहेरी परत आली म्हणावयास हरकत नाही. केरळात स्थायिक झालेले लॉरी बेकर यांनी तर साध्या विटा सोडून-सोडून रचून जाळी केली. चौकट, गज, काच यांचा खर्च सामान्य माणसाने कशासाठी करावा, हा त्यांचा रोकडा प्रश्न होता. तिरुवनंतपुरमच्या विकास अभ्यास केंद्राच्या भिंतींत त्यांचे उत्तर पाहावयास मिळते.

जाळीतून येताना वारा गार होतो, असे पुष्कळांकडून ऐकू येते. ते खरे नव्हे. भोकातून गेल्याने हवेचे तापमान उतरत नाही. चार इंच जाडीच्या ठोकळ्यामुळे डोक्यावर आलेले ऊन आत शिरत नाही आणि हलती हवा अंगावरचा घाम वाळवते, म्हणून गारवा वाटतो. त्यासाठी समोरच्या भिंतीतही वाऱ्याला बाहेर पडावयास जागा हवी. एकाच बाजूला जाळी असून भागत नाही. तापलेली हवा वर चढते, म्हणून जाळी छतापर्यंत असावी. आतून बाहेरचे दिसते आणि बाहेरून आतले दिसत नाही, हा तिचा आणखी एक गुण. याचे कारण इतकेच की दिवसा बाहेर उजेड अधिक असतो. रात्री आत दिवा लावला की प्रकार उलटा होतो, हे नव्या बिऱ्हाडकरूंनी ध्यानात ठेवावे.

दोषही सांगितले पाहिजेत. आमच्याकडे जून ते सप्टेंबर मलनाडकडून पश्चिमेचा वारा पावसाची झड घेऊन येतो. पश्चिमेच्या भिंतीला जाळी असेल तर वर खोल छज्जा हवा, नाही तर पहिल्या बाकावरील वह्या भिजतात. उन्हाळ्यात धूळ येते. चिमण्या भोकांत काड्या आणून ठेवतात. आतली तार गंजली की फुगते आणि बाहेरच्या सिमेंटचे पापुद्रे उडतात; जुन्या जाळीचे तुकडे पडतात ते बहुधा यामुळेच. आणि योजना चुकली तर जाळीचा जाचही होतो. मुंबईत १९२० नंतर कामगारांसाठी बी. डी. डी. चाळी उठविण्यात आल्या. वरळीला त्यांच्या व्हरांड्यांना काँक्रीटच्या पट्ट्यांची तोंडे बसविली होती. त्यांतून हिवाळ्यातले ऊन आत येत नाही आणि उन्हाळ्यातला वाराही येत नाही, अशी टीका वास्तुकार क्लॉड बॅटली यांनी केली. कोकण-घाटावरून आलेली किती कुटुंबे त्या व्हरांड्यांमागे राहिली! भोके ठेवली म्हणजे वारा आला, असे मानणाऱ्या कागदावरच्या योजनेचा तो परिणाम होता.

हे सारे एवढ्या विस्ताराने आठवण्याचे कारण गेल्या वर्षी घडले. शाळेचा एक माजी विद्यार्थी परगावी उद्योगात नावारूपाला आला आहे. त्याने प्रेमाने निरोप धाडला, “सर, पाचही वर्गांना काचेच्या सरकत्या खिडक्या देतो. जाळी काढून टाका. पडद्यावरचे शिक्षण आता जाळीच्या वर्गात कसे होणार?” सरकारी शाळेला असे देणगीदार रोज भेटत नाहीत. एस. डी. एम. सी., म्हणजे आमच्या शाळेची पालक समिती, हर्षभरित झाली. पालकांचेही म्हणणे चूक नव्हते. शेजारच्या खाजगी शाळा काचेने चकचकतात आणि आमची भिंत गोदामासारखी दिसते, असे त्यांना वाटे. पट कमी होत चाललेल्या मराठी शाळेला दिसण्याचाही विचार करावा लागतो. पट घसरला तर शिक्षक जातात, आणि शिक्षक गेले तर शाळा किती दिवस राहणार?

आम्ही विज्ञानाच्या बाईंना एक हिशेब करावयास सांगितला. त्यांनी तो समितीसमोर फळ्यावरच मांडला. वर्ग २५ फूट लांब, २० फूट रुंद, ११ फूट उंच. म्हणजे सुमारे १,५५,००० लिटर हवा. स्वस्थ बसलेले मूल मिनिटाला सहा लिटरच्या आसपास हवा आत-बाहेर करते. दोन वर्ग एकत्र बसवावे लागतात तेव्हा मुले ४५. चाळीस मिनिटांच्या एका तासिकेत १०,८०० लिटर हवा त्यांच्या फुप्फुसांतून जाते आणि उच्छ्वासात कर्बवायू सुमारे चार टक्के असतो. दारे-खिडक्या मिटून घेतल्या, तर खोलीतील कर्बवायू ०.०४ टक्क्यांवरून तासिकेच्या शेवटी ०.३ टक्क्यांच्या वर जातो. “म्हणजे काय होतं बाई?” एका पालकाने विचारले. “पोरं पेंगतात,” बाई म्हणाल्या. “आणि एकाला खोकला झाला की तो सगळ्यांना मिळतो.” २०२१ साली शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती ठेवा, असे सर्वत्र बजावले जात होते, आमच्या जाळीच्या वर्गांत त्यासाठी काहीच करावे लागले नव्हते, हेही तेव्हा सर्वांना आठवले.

सरकती खिडकी पुरी उघडली तरी अर्धीच उघडते, कारण एक काच नेहमी दुसरीच्या पाठीमागे असते. आणि ती अर्धी तरी कोण उघडणार? रस्त्याचा गोंगाट नको म्हणून एक शिक्षक ती लावील, थंडी वाजते म्हणून दुसरा लावील. जाळी लावून घेता येत नाही. मुलांच्या वर्गात आम्हांला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण मुलांना “खिडकी उघडा” असे म्हणण्याचे धैर्य नसते. आमच्या गवंडीमामांनी हेच आपल्या तऱ्हेने सांगितले. कन्नडमध्ये वाऱ्याला ‘गाळी’ म्हणतात. भिंतीवर थापी टेकवून ते म्हणाले, “जाळी इद्रऽ गाळी, सर.” जाळी असेल तर वारा. दोन भाषांच्या सरहद्दीवर असे यमक फुकट मिळते.

देणगीदाराला आम्ही सविस्तर पत्र लिहिले. नकार द्यावयाचा आणि माणूसही तोडावयाचा नाही, असे पत्र लिहिणे व्याकरणाच्या पेपरापेक्षा अवघड असते. त्याचे उत्तर आठ दिवसांनी आले. संगणकाची खोली त्याने काचेची करून द्यावी, कारण यंत्रांना धूळ सोसत नाही. आणि उरलेल्या चार वर्गांच्या खिडक्यांचे पैसे बाके आणि जाळीची दुरुस्ती यांसाठी द्यावेत, हे त्याने मान्य केले. फक्त भिंतीला रंग द्या, एवढी त्याने अट घातली. पांढरा रंग दिला. भिंत आता खरोखरच गोदामासारखी दिसत नाही. दोन पालकांनी मात्र यंदा मुले काढून नेली. त्याचे कारण भिंत होती की इंग्रजी माध्यम, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

दुरुस्तीचे काम वाटले त्याहून लांबले. गंजून फुटलेले ठोकळे मोजले तर चौदा भरले. गावाबाहेरच्या कारखान्यांत आता फरसबंदीचे ठोकळे होतात, आमच्या फुलाचा साचा कोणापाशीही नाही. शेवटी एक धड ठोकळा अलगद उतरवून सुतारापुढे ठेवला आणि त्यावरून सागवानी साचा करविला. पहिला ठोकळा जीभेशी तुटला. दुसऱ्यापासून मामांनी खडी आणखी बारीक चाळून घेतली आणि साधी तार टाकून जस्ताचा मुलामा दिलेली तार घातली. बारा ठोकळे झाले आहेत, दोन व्हावयाचे आहेत. सध्या ते मुलांच्या हात धुण्याच्या जागेमागील हौदात पाण्याखाली आहेत. चौदा दिवस कोणी हात लावावयाचा नाही, असे मामांनी खडूने हौदावर कन्नडमध्ये लिहिले आहे आणि त्याखाली सहावीतल्या कोणीतरी त्याचे मराठी भाषांतर केले आहे. भिंतीतल्या मोकळ्या जागांना तोवर गोणपाट लावले आहे.