ओव्या आणि यंत्र

फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले ते रोमन लिपीत; देवनागरीचे खिळे तेव्हा उपलब्ध नव्हते. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरी आहे. म्हणून आमच्या धर्मग्रामातील लेखकांसाठी वेब ॲप्लिकेशन उभारताना आम्ही निश्चिंत होतो. चाचणीच्या दिवशी एका आजींनी आपल्या आईच्या ओव्या टंकित केल्या. इतक्यात इंटरनेट तुटले आणि सारे पुसले गेले. “आता तशा आठवायच्या नाहीत,” एवढेच त्या म्हणाल्या. त्या रात्री आम्ही दुरुस्ती केली: प्रत्येक ओळ प्रथम लिहिणाऱ्याच्याच यंत्रात जतन होईल, मग सर्व्हरकडे जाईल. आजी पुन्हा आल्या. त्या लिहीत असताना आम्ही मुद्दाम इंटरनेट तोडले. ओव्या राहिल्या, मात्र दोन त्यांना आठवल्याच नाहीत. त्या आमच्याकडून गेल्या.