जन्म आहे, मृत्यू नाही

दुष्काळात परागंदा झालेला माणूस कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत, मरत नाही. माझं सगळं दुखणं तिथंच आहे. म्हणून ज्यांचा जन्म सापडतो आणि मृत्यू सापडत नाही, असे मी हुडकत बसतो. पण जन्माच्या नोंदीत तरी पोराचं नाव कुठं असतं? ‘गणू वल्द तुकाराम, कुणबी, मुलगा’ एवढं टिपून लिहिणारा मोकळा; गणू बाप, तुकाराम आजा. बारशाच्या आधीच नोंद व्हायची. आडनावाचा तर पत्ताच नाही, आणि कागदाचा कोपरा कसरीनं खाल्लेला.

परराज्यातल्या एका कुटुंबाला अशाच परागंदा झालेल्या खापरपणजोबाचं गाव हवं आहे. त्यांच्या घरात टिकलं काय, तर १८९९-१९०० चा दुष्काळ, ‘बाशीम जिल्हा’ आणि आमच्या रिठद गावासारखं ऐकू येणारं एक नाव. तो जिल्हा १९०५ साली मोडून बराचसा अकोल्यात घातला, १९९८ साली वाशीम म्हणून पुन्हा वेगळा काढला. दप्तरानं एवढी बिऱ्हाडं बदलली की काही बस्ते वाटेत राहणारच.

मॉरिशसला करारावर मजुरीला गेलेल्या गिरमिटियांचा मला हेवा वाटतो. तिथं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांचा क्रमांक, बापाचं नाव, जिल्हा, उंची, अंगावरची खूण, काहींचा तर फोटोही आहे. आज्याचं नुसतं नाव नातवंडांचं आडनाव होऊन बसलं, तरी क्रमांक पक्का. पोटासाठी देशातल्या देशात चालत गेलेल्या कुणब्याला क्रमांक कोण देणार?

२०२३ साली मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती आली आणि मोडी वाचणाऱ्यांना भाव चढला. चार दिवसांचा वर्ग करून आलेली मंडळी ‘कुणबी’ एवढा शब्द ओळखतात आणि पान उलटतात. त्या पानावरचा माणूस त्यांना नको असतो. पूर्वी अडलं की ‘गुरुजींना बोलवा’ म्हणत, ते बंद झाल्याचा रागही यात आहे, कशाला लपवू?

मोतीबिंदूनंतर मोडीची बारीक वळणं मला दिसेनाशी झाली. आता पुतण्याची पोरगी मोबाइलवर पान मोठं करून वाचते, मी ऐकतो. परवा म्हणाली, “आबा, पोराले नाव नसन तं बापाच्या वावराचा फेरफार पाहू. वारसात कोन नाही, थे दिसन.”

मी म्हटलं, जो वारसात नाही त्याचं नाव फेरफारात कोण लिहील?

“भाऊ लिहीन ना. परागंदा म्हनून. हिस्सा मोकळा कराले.”

फेरफार अजून हाती लागलेला नाही. त्या कुटुंबाला पाठवलेल्या पत्रात मात्र ही युक्ती मी माझीच म्हणून घातली आहे, आणि ते पत्र पोरीला वाचायला दिलेलं नाही.