अर्धांगिनीचा वाटा

वकिलाला सरकारी पत्रांचे भय वाटत नाही, असा लोकांचा समज असतो. तो सर्वस्वी खरा नाही. पत्र पक्षकाराच्या हातात थरथरत असले, की तो कंप आपल्याही हाताला लागतो. दोन वर्षांपूर्वी, चवथ आटोपून आठ दिवस झाले असतील, एक सेवानिवृत्त मास्तर आपल्या पत्नीसह माझ्या कचेरीत आले. भाच्याने छापून दिलेला एक कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मास्तर काही बोलण्यापूर्वीच काकींनी विचारले, “वकीलबाब, म्हजें कितें चुकलें?”

काकींचे काहीच चुकले नव्हते. मास्तरांच्या नावे बँकेत मुदतीची ठेव होती. तिच्या २,४०,००० रुपये व्याजातून बँकेने २४,००० रुपये कर कापून घेतला होता. गोव्यातील विवाहितांना १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा नियम लागू आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर उभयतांची मालमत्ता समाईक. आयकराचा कायदा या भूमीला १९६३ साली लागू झाला, तेव्हापासून पतिपत्नींच्या उत्पन्नाचा हिशोब कसा करावा हा वाद चालत आला. अखेर १९९४ साली संसदेने कलम ५अ घातले आणि त्याचा अंमल १ एप्रिल १९६३ पासूनच धरला. पगार ज्याचा त्याचा. बाकीचे उत्पन्न मात्र दोघांत अर्धे अर्धे. २०२५ च्या नव्या अधिनियमातही ही तरतूद कायम आहे.

म्हणून मास्तरांनी १,२०,००० रुपये आपल्या विवरणात दाखवून कापलेल्या करापैकी १२,००० रुपयांवर हक्क सांगितला, आणि काकींनी उरलेला अर्धा भाग दाखवला. काकींचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत होते. त्यांचे १२,००० रुपये परत मिळायचे. त्या कागदाने हा परतावा नाकारला होता. कारण एकच: त्यांच्या नावे कर कापल्याची नोंद नाही. म्हणजे कर कापला २४,०००, मास्तरांना हिशोबात मिळाले १२,०००, आणि उरलेल्या १२,००० रुपयांना या जगात कोणी मालकच राहिला नाही! दीडशे वर्षांचा कायदा जिला निम्म्या घराची धनीण म्हणतो, तिला गणकयंत्र ओळखत नव्हते.

मी दुरुस्तीचा अर्ज केला. तो यंत्राने वाचला आणि यंत्रानेच तेच उत्तर दिले. बँकेत गेलो. कर दुसऱ्याच्या उत्पन्नावरचा असेल, तर खातेदाराने तसे निवेदन द्यावे आणि बँकेने त्या दुसऱ्याच्या नावे नोंद करावी, असा नियम आहे. तेथील कारकुनाने तो माझ्यासमोर वाचला, मान डोलावली आणि म्हणाला, “नियम आहे साहेब, पण आमच्या संगणकात तशी जागा नाही.” साहाय्यासाठी दिलेल्या दूरध्वनीवर पुष्कळ वेळ संगीत ऐकले. अखेर एक विनयशील मुलगी बोलली. पण कलम ५अ हे शब्द तिने त्या दिवशी प्रथमच ऐकले असावेत. पुढे तक्रार नोंदवली. आठवड्याने तिच्यापुढे ‘निराकरण झाले’ असा शेरा पडला. कसले निराकरण, ते मला अद्याप कळलेले नाही.

मी जुन्या दिवसांचा भाट नाही. कचेरीच्या बाकावर दिवस काढणे, शिपायाची मर्जी सांभाळणे, कोणाच्या तरी टेबलाखाली काहीतरी सरकवल्यावरच हलणारी फाइल, हे सारे मी पाहिले आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात चेहराविरहित करनिर्धारण सुरू झाले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. सरळ प्रकरणांत परतावे आज काही दिवसांत येतात, हेही मान्य केले पाहिजे. पण चेहरा काढताना कानही गेले की काय, अशी शंका मला हल्ली येते. पत्राला क्रमांक असतो, लिहिणारा नसतो. दुसरी बाजू ऐकल्याविना निर्णय देऊ नये, हे न्यायाचे पहिले सूत्र. आणि ते पाळले नाही म्हणून या नव्या पद्धतीचे कित्येक आदेश उच्च न्यायालयांना रद्द करावे लागले.

दोष यंत्राचा नाही. जे त्याला शिकवले, तेच ते जाणते. प्रश्न शिकवणाऱ्यांचा आहे. ७ जून २०२१ रोजी नवे संकेतस्थळ उघडले आणि पुढे कित्येक आठवडे ते इतके अडखळत राहिले, की त्याच ऑगस्टात अर्थमंत्रालयाला ते बांधणाऱ्या कंपनीच्या प्रमुखास बोलावून घ्यावे लागले. वरिष्ठांना उद्घाटनाची घाई असते. उंबरठ्यावर ठेच कोणाला लागते, हे पाहण्याची सवड नसते. आमच्याकडील उत्पन्नाची अशी वाटणी करावयाची असेल, तर ‘सहज’ नावाचे सोपे विवरणपत्र चालत नाही, हे किती वरिष्ठांना ठाऊक असेल? १३ ऑगस्ट २०२० रोजी करदात्यांची सनद जाहीर झाली. करदात्याला प्रामाणिक मानावे, त्याच्याशी सौजन्याने वागावे, असे तीत लिहिले आहे. सौजन्य म्हणजे गोड शब्द नव्हेत. समोरचा काय सांगतो ते समजून घेण्याची तयारी, हे खरे सौजन्य.

शेवटी मास्तरांना घेऊन मी स्थानिक अधिकाऱ्याकडे गेलो. तरुण, परप्रांतीय गृहस्थ. त्यांनाही हे कलम नवे होते. पण त्यांनी पुस्तक काढले, वाचले, दोन प्रश्न विचारले, आणि प्रकरण स्वतःकडे वर्ग करून घेण्याची खटपट केली. चौदा महिन्यांनी १२,००० रुपये काकींच्या खात्यात जमा झाले. त्या गृहस्थांना चेहरा होता, म्हणूनच हे घडले, असे मी म्हणणार नाही. त्यांनी पुस्तक उघडले, म्हणून घडले. तेवढे तरी यंत्रामागच्या माणसांना करता यावे.

पैसे आल्याचे सांगायला काकी आल्या, तेव्हा पेढ्यांबरोबर त्यांनी तो जुना कागदही आणला होता. म्हणाल्या, “पैशे मेळ्ळे. पूण म्हजें कांय चुकूंक नाशिल्लें, अशें बरयिल्लें पत्र येतलें?”

तसे पत्र पाठवण्याची सोय अजून कोठेच नाही, हे मी त्यांना सांगितले नाही. वहीतला एक कागद घेतला, कलम ५अ चा मराठी सारांश स्वच्छ अक्षरात लिहिला, खाली सही केली आणि त्यांच्या हाती दिला. काकींनी तो नीट घडी घालून पिशवीत ठेवला.