गजावरच्या दोन खुणा

आमच्या घरी बंदूक होती असं सांगितलं, की मुंबईतले मित्र जरा सरसावून बसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर सिनेमातली बंदूक येते. आमची ठासणीची. दुकानातलं काडतूस तिला चालत नाही. प्रत्येक बार घरातच, हाताने भरायचा. १८५७ साली ज्या काडतुसांवरून शिपाई बिथरले, ती अशाच ठासणीच्या बंदुकीची होती. कागदाची पुडी दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची आणि गोळी गजाने खाली ठासायची. पुढे दहाएक वर्षांत ब्रिटिश फौजेने मागून भरायच्या बंदुका आणल्या आणि ठासणीची मोडीत निघाली. आमच्या तळकोकणात मात्र ती शेतसंरक्षणाच्या परवान्यावर राहिली. भात पोटरीला आलं की रात्री डुकरं उतरतात. एका रात्रीत खाचर लोळवून टाकतात. चार महिन्यांची मेहनत सकाळी चिखलात पडलेली दिसते.

परवाना आज्याच्या नावावर होता. आजो म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. बोलायला कमी, पण बार भरायला बसला की त्याचं बोलणं पूर्णच बंद व्हायचं. आम्हालाही बोलायची बंदी. मधे कुणी हाक मारली, तर भरलेलं सगळं पुन्हा तपासायचं, हा त्याचा नियम. “बोलाचा आसात तर भायर जावा,” एवढंच सांगायचा.

दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळशाची काळी दारू. परवान्यावर दुकानातून आणलेली. पावसाळ्यात ती ओल धरते म्हणून घट्ट बुचाच्या बाटलीत, चुलीपासून घरातल्या सगळ्यात लांबच्या फळीवर. ती मोजायला बांबूचं एक नळकांडं होतं, आज्याच्याही बापाने कापलेलं. त्या मापाने दारू नळीत गेली, की वरून सोडणाचा बोळा. नारळाचं सोडण सोलून, मऊ करून, तळहातावर वळलेला. मग गज घालून ठासायचं. केप मात्र घरात कधीच चढवायची नाही. ती मळ्यात, माचावर बसल्यावर, अगदी शेवटी.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर डुक्कर मारायचं तर सरकारी परवानगी लागते. आज्याचा बहुतेक बार नुसत्या दारूचा आणि बोळ्याचा असायचा. छर्रा नाही. मोठा आवाज, ढगभर पांढरा धूर आणि गंधकाचा वास. कळप दोन रात्री तरी फिरकायचा नाही. आज्याला तेवढं पुरे होतं.

पण खरी गोष्ट त्या गजाची. गजावर कानशीने पाडलेल्या दोन खुणा होत्या. नळी रिकामी असली, की गज पहिल्या खुणेपर्यंत आत जायचा. बार भरलेला असला, की दुसरी खूण नळीच्या तोंडाशी यायची आणि गज चार बोटं वर राहायचा. दुसरी खूण तोंडाच्याही वर राहिली, तर समजायचं की बोळा मधेच अडकलाय, खाली पोकळी राहिलीये. अशा पोकळीने नळी फुटू शकते. आणि भरलेल्या बंदुकीत विसरून दुसरा बार भरला, तरी फुटू शकते. ठासणीच्या बंदुकीत आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. ते फक्त गज सांगतो. आजो म्हणायचा, “बंदूक रिकामी आसा असा देवान सांगल्यान तरी गज घालून बघ.”

आमच्या वाडीतल्या एकाने एका वर्षी दारू मिळेना म्हणून बारा बोअरचं काडतूस फोडलं आणि आतली दारू आपल्या नेहमीच्या मापाने नळीत ओतली. काडतुसातली दारू बिनधुराची. ती थोडीशी पुरते, कारण तिचा दाब काळ्या दारूपेक्षा कितीतरी जास्त. जुन्या नळीला तो सोसणारा नव्हता. नळी उभी चिरली. डाव्या हाताची दोन बोटं गेली. लोक म्हणाले, बंदूक जुनी होती. आजो त्याला बघून आला आणि पडवीत बसून राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “बंदुकीक काय कळता? भरल्यान तो माणूस.”

कारखान्यातलं काडतूस वाया गेलं, तर दोष देता येतो कंपनीला, दुकानदाराला. हाताने भरलेल्या बारात तशी सोय नसते. म्हणूनच आजो तेव्हा बोलत नसावा, असं आता वाटतं.

सकाळी बंदूक धुवायची. काळी दारू जळल्यावर जी राख मागे राहते, ती हवेतली ओल ओढते. कोकणच्या हवेत दोन दिवसांत गंज. उकळतं पाणी नळीत ओतायचं, काळं पाणी काढायचं, चिंधीने कोरडी करायची आणि खोबरेल तेलाचा हात. हे काम माझ्या धाकट्या भावाचं. त्याला ते आवडायचं. मला पुस्तकं आवडायची, मी मुंबईला आलो.

दर निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. आजो गेल्यावर ती ठाण्यात गेली ती परत आलीच नाही. परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. वारसाने नव्याने अर्ज करायचा, नाहीतर बंदूक सोडून द्यायची. मी भावाला फोनवर म्हटलं, “सोड रे. कशाला झंझट? सुतळी बॉम्ब लाव, नाहीतर झटक्याचं कुंपण घाल.”

तो जरा थांबला. म्हणाला, “बॉम्ब लावतंय तीन वर्सां. डुकरां आता मान वर करून बघतत आणि परत खाऊक लागतत. आणि कुंपणाचे पैशे तू देतलंस?” मग हळूच, “तू तांदूळ इकत घेतंस, मी पेरतंय.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी मनात एक भीती होती आणि आहे. आज्याच्या हाताखाली भाऊ बंदूक धुवायला शिकला. बार भरायला बसला तो आजो एकटाच. आम्हाला बाहेर पाठवलेलं असायचं. बंदूक उद्या मिळेलही, पण हात कुठून मिळणार?

मागच्या महिन्यात त्याने अर्ज केला. कागद घेऊन तालुक्याला तीन फेऱ्या झाल्या. बंदूक अजून ठाण्यातच आहे, पण गज घरी राहिलाय. परवा त्याने फोन केला तेव्हा तो माळ्यावरून काढून पुसत बसला होता. म्हणाला, “दोन खुणा दिसतत हो. पण रिकाम्याची खयची आणि भरल्याची खयची?”

मी सांगितलं. त्याने मला पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग तो म्हणाला, “थांब, लिवन घेतंय.” आणि कागद शोधायला उठला.