मिनिमम बॅलन्स

आमच्या नांदगावात माणूस किती मोठा, हे तो आजारी पडल्याशिवाय कळत नाही. तिठ्यावरून गोव्याकडे किती गाड्या सुटल्या, यावर ते ठरतं. सिंधुदुर्गातला अवघड पेशंट बांबोळीला न्यायचा, ही जुनी वहिवाट. त्याच्यामागून भाऊबंद, पेजेचा डबा आणि गावदेवाचा अंगारा असा सगळा लवाजमा निघतो आणि सर्जिकल आयसीयूच्या दारात येऊन अडतो. दारात सिस्टर असते.

माझी पुतणी गोव्यातल्याच एका इस्पितळात अशी सिस्टर आहे. अंगारा ती पिशवीत बंद करून खाटेच्या पायाला अडकवते. जंतूही आत नकोत आणि देवालाही नाही म्हणायला नको! पण हे झालं दारातलं काम. आत ती काय करते, हे गणपतीच्या सुट्टीत मी तिला खोदून खोदून विचारलं, आणि मला चक्क आमच्या ब्रँचचा वास आला. ही मुलगी दर तासाला हिशेब लिहिते! सलाइन किती गेलं, लघवी किती झाली, पोटातल्या नळीतून किती उतरलं. जमा, खर्च, शिल्लक. लघवी वजनाच्या किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर तरी हवी, म्हणजे ६० किलोच्या माणसाची ३०. दोन तास कमी पडली की डॉक्टरला फोन. आमच्याकडे कर्जाचा हप्ता थकला तर ९० दिवस वाट बघतात.

मला सर्वांत आवडलं ते ग्लासगोचं खातं. १९७४ साली तिथल्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी शुद्ध मोजायची पट्टी काढली. डोळे उघडण्याला ४ पैकी, बोलण्याला ५ पैकी, हालचालीला ६ पैकी गुण. एकूण १५. पण ओंडक्यासारखा पडलेल्यालाही प्रत्येकी एक, म्हणजे ३ मिळतातच. मिनिमम बॅलन्स! आमच्या हेड ऑफिसनं आधी त्यातूनही दंड कापला असता.

दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. तेही त्याला सांगून.

"अगो, पण तो बेशुद्ध ना?"

"काका, सांगल्याशिवाय कोणाच्या आंगाक हात लावतत काय?"

आमच्या काउंटरवर शुद्धीत असलेल्यालाही कुणी एवढं सांगत नाही.

एका रात्री दोनला आतड्याच्या ऑपरेशनच्या पेशंटच्या नळीतलं रक्त तासाला ४० चं एकदम २०० मिलिलिटर झालं. ब्लडप्रेशर अजून ठीक होतं. सकाळपर्यंत थांबायला निमित्त पुरेसं होतं. हिनं सर्जनला झोपेतून उठवलं. तीनला पोट पुन्हा उघडलं, माणूस वाचला. कोण, ते मात्र तिनं सांगितलं नाही. खातेदाराची माहिती फोडायची नाही, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

पुढं सहा महिन्यांनी तिठ्यावर चहा पिताना एक ओळखीचे गृहस्थ अर्धा तास त्यांच्या सर्जनची कीर्ती सांगत होते. रात्री तीनला दुसऱ्यांदा पोट उघडलं, देवमाणूस! नोंदी जुळवायची सवय हाडीमाशी खिळलेली, मी चमकलो.

"आणि सिस्टर?" मी विचारलं.

"होत्यो चार-पाच. त्यातली एक मेली रात्रभर डोळो लागाक देय नाय होती!"

रात्री मी पुतणीला फोन लावला आणि हे ऐकवलं. ती जरा वेळ गप्प.

"कोणाबद्दल बोलतास तां माका ठावक नाय," ती म्हणाली. "पण जेवता मां नीट?"