झोळी आणि कौदी

लहानपणी आईच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत झोपलो, त्यानंतर कॉलेजात आल्यावर पुन्हा झोळी घेतली. ही नायलॉनची, घडी करून पिशवीत मावणारी. घेताना मी फक्त वजन पाहिले, तिथेच चुकलो.

एप्रिलात जांबोटीजवळ एका कन्नड मित्राच्या मामांच्या शेतात दोन आंब्यांना ती बांधली. किंचित तिरके झोपले की पाठ सरळ राहते हे कळले आणि स्वर्ग दोन बोटे उरला! जूनमध्ये मात्र वर ताडपत्री असूनही भिजलो. पाणी दोरीवरून ओघळत आत आले होते. मग दोरीला सुतळीचा तुकडा लोंबता बांधला, तेव्हा थेंब तिथूनच खाली पडू लागले.

डिसेंबरात मित्राने आजीने शिवलेली कौदी बरोबर घेतली. "अरे, हे ओझे कशाला?" म्हणून मी हसलो. मध्यरात्री माझे दात वाजू लागले. अंगावर दोन चादरी होत्या, पण वारा पाठीखालून वाहत होता. मित्र उठला, न बोलता कौदी माझ्या पाठीखाली सरकवली आणि स्वतः शेकोटीपाशी बसून राहिला.

पहाटे त्याचे तांबारलेले डोळे पाहून मी ओशाळलो. आईसुद्धा झोळीत आधी वाकळ घालायची, हे तेव्हा आठवले.

"आम्ही हिला वाकळ म्हणतो," मी म्हणालो.

"काहीही म्हण, पण पुढच्या वेळी तुझी तू आण!"

आता माझ्या पिशवीत आधी वाकळ जाते, मग झोळी.