पावसाचा दिवस साडेआठला संपतो

एका पहाटे सुरू झालेला आणि त्याच दुपारी ओसरलेला एकच पाऊस सरकारी दप्तरात दोन दिवसांचे दोन निरनिराळे पाऊस म्हणून लिहिला जातो, आणि तसा लिहिला गेल्यामुळेच तो अतिवृष्टी ठरत नाही, ही गोष्ट २०२५ च्या मे महिन्यात मला ज्या रीतीने समजली, ती रीत अद्यापि माझ्या मनातून जात नाही. नुकसान म्हणावे तर अर्ध्या एकरातील उन्हाळी भुईमुगाचे. ज्यांची घरे पडली किंवा गुरे विजेने दगावली, त्यांच्या दुःखापुढे ते उच्चारण्यासही संकोच वाटावा. परंतु नुकसान सोसणे निराळे, आणि ते झालेच नाही असे लेखी उत्तर हाती घेऊन घरी परतणे निराळे.

आमच्या गडहिंग्लजच्या मुलखातील पाऊसमान येथल्या कोणास सांगावयास नको. आंबोलीच्या डोंगरात उगम पावलेली हिरण्यकेशी आजऱ्यावरून आमच्याकडे येते आणि पुढे संकेश्वराच्या दिशेने जाते. तिच्या या वाटेवर पाऊस कोसाकोसाने उतरत जातो. कृत्तिका नक्षत्र लागले की उकाडा असह्य होतो, दोन प्रहरी पूर्वेकडून ढग चढतात, तास-दीड तास वळीव झोडपतो आणि सायंकाळी आभाळ पुन्हा स्वच्छ होते. या वळवाचे कोणास भय नसते. उलट त्याच्यामुळे ढेकळे फुटतात, मशागत सोपी होते, आणि रोहिणी निघताच पश्चिमेकडच्या भातपट्ट्यात धूळवाफेवर पेरणी सुरू करता येते.

त्या वर्षी मात्र मेच्या तिसऱ्या आठवड्यात हवामान खात्याचे जे अंदाज येऊ लागले, त्यांचा सूर निराळा होता. कर्नाटक-गोव्याच्या किनाऱ्यासमोर अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होण्याचा संभव असून, दक्षिण कोकणात व लगतच्या मध्य महाराष्ट्रात मेघगर्जना, सोसाट्याचा वारा आणि काही ठिकाणी जोरदार पाऊस अपेक्षित आहे, असे त्यांत म्हटले होते. हा अंदाज खरा ठरला, हे मी प्रथमच नमूद करतो, कारण वेधशाळेची टवाळी करणे हा आमच्याकडे पारावरचा जुना छंद आहे आणि तो मला कधीच रुचलेला नाही. कमी दाबाचे क्षेत्र झाले, ते तीव्र झाले, आणि २४ मे रोजी त्याने रत्नागिरी व दापोली यांच्या दरम्यान किनारा ओलांडला. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात पोहोचला, आणि २६ मे रोजी तो मुंबईत दाखल झाला. तेथील त्याची नेहमीची तारीख ११ जून, आणि २६ मे इतक्या लवकर तो मुंबईस आल्याची नोंद पूर्वी नव्हती. समुद्रावरची दमट हवा घाट चढून वर येत राहिली, आणि पठारावर जो पाऊस एरवी दोन प्रहरी पूर्वेकडून येतो, तो त्या आठवड्यात आजऱ्याच्या अंगाने, अवेळी, रात्री-अपरात्री आणि पहाटे येऊ लागला.

अंदाज आधी कळला, मग भुईमूग का वाचला नाही, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की तो सर्वांस एकाच सायंकाळी कळतो. ज्या दिवशी मला शेंगा काढाव्यात असे वाटले, त्या दिवशी प्रत्येक खातेदारास तसेच वाटले. भुईमूग उपटण्यास गडी लागतात आणि शेंगा तोडण्यास बाया. मी पहाटेच वस्तीवर गेलो, तर जी बाई वर्षानुवर्षे आमच्याकडे येते ती म्हणाली, “आण्णा, आज आमचा पैरा दुसरीकडं हाय. परवा बगूया.” दुसऱ्या घरी विचारले, तर, “बाया गावात हाईत कुटं आता?” दोष त्यांचा नव्हे, त्या आधी शब्द दिलेल्या ठिकाणी गेल्या. बाजारात ताडपत्रीही मिळेनाशी झाली. तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की, हात आणि ताडपत्री यांची तजवीज नसलेल्यास अंदाजाचा काहीच उपयोग नसतो. तो केवळ चिंता चार दिवस आधी सुरू करतो.

निम्मे रान उपटून झाले होते आणि वेलांचे ढीग बांधावर पडले होते, अशा वेळी एका पहाटे चारच्या सुमारास पाऊस सुरू झाला आणि दुपारी बारापर्यंत त्याने उसंत घेतली नाही. त्यानंतरही त्या आठवड्यात रानास वाफसा असा आलाच नाही. आम्ही लावतो त्या उपट्या जातींच्या दाण्यास सुप्तावस्था नसते. पक्व झाल्यावर ओल मिळाली की तो जमिनीतच उगवू लागतो. आम्ही चिखलातून वेल ओढले, तेव्हा शेंगांतून पांढरे मोड बाहेर आलेले होते, आणि ढिगांतल्या शेंगा काळ्या पडून त्यांस बुरशीचा वास येत होता.

नुकसानीच्या पंचनाम्याच्या आदेशात आमच्या महसूल मंडळाचे नाव नाही असे समजल्यावर मी संबंधित कचेरीत गेलो. तेथील कारकून तरुण, सुशील आणि कामात दक्ष होता. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागविला आणि पावसाची नोंद काढून समोर ठेवली. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, हा दंडक मला ठाऊक होता. परंतु ते चोवीस तास कोठून कोठपर्यंत मोजावयाचे, याचा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता. हवामानशास्त्राच्या रिवाजानुसार पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, तो सकाळी साडेआठला बदलतो. त्यामुळे पहाटे चार ते साडेआठ जे पाणी पडले ते आदल्या दिवसाच्या खात्यात गेले, आणि साडेआठपासून बारापर्यंत पडले ते पुढच्या दिवसाच्या. दोन तारखांसमोर दोन आकडे होते. दोन्ही ६५ च्या आत, आणि दोहोंची बेरीज ६५ च्या पुष्कळ पुढे.

मी त्यास ती बेरीज करून दाखविली. तो आकड्यांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, तुमचं म्हणणं मला पटतंय. पण बेरीज करायची तरतूद नाही. त्या त्या दिवसाचा आकडा त्या त्या दिवसापुरता.” मी म्हटले, “पाऊस मधे थांबला नव्हता. साडेआठला मी स्वतः रानात उभा होतो.” त्यावर तो अदबीने म्हणाला, “तुम्ही होता गुरुजी. पण यंत्रात तसं दिसत नाही.” मी रीतसर अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला, आणि काही काळाने उत्तर आले की, आपल्या मंडळात विहित निकषाइतके पर्जन्यमान झाल्याची नोंद नसल्याने आपली विनंती मान्य करता येत नाही. त्या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. आणि म्हणूनच त्याचा प्रतिवाद कसा करावा हे मला अद्याप सुचलेले नाही. बांधावर उभ्या असलेल्या माणसाचा पाऊस आणि नोंदवहीतला पाऊस यांत तफावत पडली, तर साक्ष कोणाची ग्राह्य धरावयाची, हा प्रश्न त्या उत्तराने निकालात काढला, आणि निकालात काढताना तो विचारलाही गेला नाही.

साडेआठ ही वेळ कोणी लहर म्हणून ठरविलेली नाही. आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा ग्रीनिचच्या घड्याळात पहाटेचे तीन असतात, आणि साऱ्या जगातील वेधशाळा एकाच क्षणी नोंदी घेतात म्हणूनच एका खंडाच्या नकाशास दुसऱ्या खंडाचा नकाशा जोडता येतो. शास्त्रासाठी ही शिस्त आवश्यक आहे, आणि शासनालाही कोठेतरी रेषा ओढावीच लागते. इतके सारे मी मान्य करतो. परंतु शास्त्राने स्वतःच्या सोयीसाठी ओढलेली रेषा कुळाच्या पदरात काय पडावे हे ठरविण्यासाठी जशीच्या तशी उचलावी, हे मला मान्य नाही. स्वयंचलित यंत्र बारीक अंतराने नोंद करीत असते. सलग कोणत्याही चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडले की ती अतिवृष्टी, एवढी दुरुस्ती केली तर एकही नवे यंत्र लागणार नाही. शिवाय मंडळाचे यंत्र एका गावी असते आणि वळवाचा पाऊस शिवाराशिवाराने पडतो. तेव्हा प्रत्येक प्राथमिक शाळेत एक साधा पर्जन्यमापक बसवून त्याची वही मुलांकडून लिहून घ्यावी, असेही माझे शिक्षक या नात्याने आग्रहाचे सांगणे आहे. त्याने मुलांस दशांश अपूर्णांक शिकविता येतील, आणि गावास आपला पुरावा मिळेल.

ज्या खात्याची स्थापना १८७५ साली झाली, ज्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, ज्याने १९३२ पासून पुण्यात शेतीच्या हवामानाचा स्वतंत्र अभ्यास आरंभिला आणि १९४५ पासून रेडिओवर शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता सुरू केली, त्याचे ऋण आमच्या पिढीवर आहे. सांगली केंद्रावरचा अंदाज लागला की आमचे वडील घरात कोणास बोलू देत नसत. त्याच मे महिन्याच्या अखेरीस सहा किलोमीटरांच्या चौकटीपर्यंत अंदाज देणारी नवी प्रणाली जाहीर झाली, आणि ती पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केली, याचा मला अभिमान वाटतो. परंतु त्यापूर्वीच, २०२४ मध्ये, शेतकऱ्यास स्थानिक सल्ला देणारी देशभरातील १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद करण्यात आली. उद्या काय पडेल हे सहा किलोमीटरांत सांगावयाचे, त्याचा अर्थ सांगणारा माणूस काढून घ्यावयाचा, आणि काल काय पडले हे मोजावयास मात्र कित्येक गावांत मिळून एक यंत्र ठेवावयाचे, यातील विसंगती कोणाच्या ध्यानात येत नसेल असे मला वाटत नाही.

अंदाजाचा काहीच उपयोग नसतो, असे मी वर लिहिले आहे. ते तितकेसे खरे नाही. त्याच आठवड्यात एका दोन प्रहरी शेंगा तोडण्यास बाया अखेर मिळाल्या होत्या, आभाळ नुसते कुंद होते, पावसाचा थेंब नव्हता, आणि माझ्या पुतण्याच्या मोबाईलवर विजेचा इशारा देणाऱ्या ‘दामिनी’ ॲपची सूचना आली की आसपास विजा पडत आहेत. बाया उठावयास तयार नव्हत्या, कारण मजुरी शेंगांच्या वाट्यावर होती. माझाही जीव त्या उरलेल्या वाफ्यांत होता. तरी मी सर्वांस गावात पाठविले, बांधावरच्या आंब्याखाली कोणी थांबू नये म्हणून स्वतः शेवटी निघालो, आणि पूर्ण दिवसाचा वाटा ज्याला त्याला दिला. त्या दिवशी आमच्या शिवारात वीज पडली की नाही, हे मी कोणास विचारले नाही. पुन्हा तशी सूचना आली तर पुन्हा तसेच करीन. आणि कचेरीत नवा अर्ज द्यावयाचा झाल्यास या वेळी तासातासाच्या नोंदीची नक्कल आधी मागेन.